नववी शिकलेला मोटार बांधतो, त्याला प्रशिक्षित म्हणायचे का? घरोघरच्या शिक्षण-सर्वेक्षणाची गोष्ट

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना महाविद्यालयाच्या एका सर्वेक्षणासाठी मी पारोळा तालुक्यातील एका गावात चार दिवस घरोघर फिरलो होतो. एका घराच्या ओसरीवर प्रश्नावली भरत असताना थोरल्या मुलाचा रकाना आला. वय २३, शिक्षण नववी. ‘काही प्रशिक्षण घेतले आहे का?’ या प्रश्नावर त्याची आई म्हणाली, “नही रे भाऊ, मना पोऱ्या काहीच शिकेल नही.” मी ‘नाही’ असे लिहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. संध्याकाळी एस.टी.ची वाट पाहत चौफुलीवर उभा असताना तोच मुलगा एका पत्र्याच्या दुकानात बसलेला दिसला. जळालेल्या पाणबुडी मोटारीतून काळी पडलेली तांब्याची तार त्याने ओढून काढली होती. जुन्या गुंडाळीतले वेढे एकेक करून मोजत तो आकडा वहीत लिहीत होता, आणि नवी तार तेवढ्याच जाडीची आहे ना, हे गेजच्या खाचेत सरकवून पुन्हा पुन्हा तपासत होता. मोटार बांधण्याचे हे काम तो धुळ्याला एका मिस्त्रीच्या हाताखाली चार वर्षे शिकला होता. माझ्या कागदावर मात्र त्याच्या नावापुढे ‘प्रशिक्षण : नाही’ असे लिहिलेले होते, आणि ते मीच लिहिलेले होते.

शिक्षणावर घरे किती खर्च करतात, किती मुले शिकवणीला जातात, किती तरुण प्रशिक्षित आहेत, असे आकडे वर्तमानपत्रांत येतात तेव्हा मला तो रकाना आठवतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने एप्रिल ते जून २०२५ या काळात शिक्षणाविषयी देशभर एक मोठे सर्वेक्षण केले. त्यात ५२,०८५ घरांना भेटी देऊन ५७,७४२ विद्यार्थ्यांची माहिती घेण्यात आली. देशातील एकूण विद्यार्थ्यांपैकी ५५.९ टक्के सरकारी शाळांत आहेत, ग्रामीण भागात हे प्रमाण ६६ टक्के तर शहरी भागात ३०.१ टक्के आहे, आणि सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी लावतात, असे त्यातून दिसले. हे आकडे वाचल्यावर अनेकांच्या मनात एकच प्रश्न येतो : आमच्या गल्लीत तर कोणी आले नव्हते, मग हे कोणाला विचारून काढले?

जनगणना आणि नमुना सर्वेक्षण

जनगणनेत प्रत्येक घर आणि प्रत्येक माणूस मोजला जातो. हे काम प्रचंड असल्याने ते सहसा दहा वर्षांतून एकदा होते, आणि प्रश्नही मोजकेच विचारले जातात. एखादे मूल किती शिकले हे जनगणना विचारू शकते. पण त्याच्या वह्या-पुस्तकांवर, गणवेशावर, प्रवासावर आणि शिकवणीवर वेगवेगळा किती खर्च झाला, हे देशातल्या प्रत्येक घरी बसून विचारणे शक्य नाही. म्हणून काही घरे निवडून त्यांना सविस्तर विचारतात. यालाच नमुना सर्वेक्षण म्हणतात. भारतात प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० साली सुरू झाले, आणि घराघरांतील शिक्षण, रोजगार, खर्च, आजारपण यांविषयी सरकारकडे असलेल्या माहितीचा मोठा भाग तेव्हापासून याच मार्गाने येतो.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. परंतु भाताचे पातेले ढवळलेले असते, समाज तसा ढवळलेला नसतो. त्यामुळे बाजार समितीतील उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. कापसाची गाडी यार्डात येते तेव्हा जाणता व्यापारी फक्त वरचा कापूस पाहून भाव सांगत नाही. तो गाडीच्या पुढून, मागून आणि मधून हात घालून मूठ-मूठ कापूस बाहेर काढतो, कारण वरच्या थरात कोरडा आणि खाली ओलसर माल असू शकतो. सर्वेक्षणातही हेच करावे लागते. कोणत्या ठिकाणी हात घालायचा हे माणसाच्या मर्जीवर सोडले, तर तो रस्त्यालगतची, ओळखीची, चहा देणारी घरे निवडेल. म्हणून निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, नियमाने होते. आधी गावे किंवा शहरातील विभाग निवडतात, मग त्या गावातील सर्व घरांची यादी करतात, आणि त्या यादीतून काही घरे काढतात. तुमच्या गल्लीत कोणी आले नाही याचा अर्थ सर्वेक्षण झाले नाही असा होत नाही. चिठ्ठी तुमच्या गल्लीची निघाली नाही, एवढाच होतो.

आठ घरे आणि अख्खे गाव

आता जरा किचकट, पण सर्वांत महत्त्वाचा भाग. रोजगाराची माहिती घेणारे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७ साली सुरू झाले. त्याच्या मूळ आराखड्यात घरांची यादी करताना एक प्रश्न आधीच विचारला जाई : या घरात दहावी किंवा त्यापुढे शिकलेली माणसे किती? त्या उत्तरावरून घरांचे गट पडत आणि प्रत्येक गटातून ठरलेली घरे निवडली जात. असे केले नाही, तर लहान गटातले एकही घर हाती न लागण्याची शक्यता राहते.

एक काल्पनिक गाव घेऊ. त्यात २४० घरे आहेत. तिघे किंवा अधिक जण दहावी किंवा त्यापुढे शिकलेले आहेत अशी ३० घरे, एक-दोघे शिकलेले आहेत अशी ११० घरे, आणि एकही जण दहावीपर्यंत पोहोचलेला नाही अशी १०० घरे. पहिल्या गटातून २, दुसऱ्यातून ४ आणि तिसऱ्यातून २ अशी एकूण ८ घरे निवडली. समजा, शिक्षणावरचा वार्षिक खर्च पहिल्या गटातील घरांत ४०,००० रुपये, दुसऱ्यात १५,००० आणि तिसऱ्यात ४,००० रुपये निघाला. या आठ घरांची सरळ सरासरी काढली तर ती १८,५०० रुपये येते. पण ही सरासरी चुकीची आहे, कारण पहिल्या गटातील दोन घरे मिळून गावातील फक्त ३० घरांच्या वतीने बोलत आहेत, आणि तिसऱ्या गटातील दोन घरे १०० घरांच्या वतीने. पहिल्या गटातील प्रत्येक घर १५ घरांचा प्रतिनिधी आहे, तिसऱ्या गटातील प्रत्येक घर ५० घरांचा. प्रतिनिधित्वाच्या या संख्येला ‘भार’ म्हणतात. भार लावून हिशेब केला की सरासरी सुमारे १३,५४० रुपयांवर येते. दोन आकड्यांतला जवळपास पाच हजारांचा फरक केवळ हिशेबाच्या रीतीमुळे पडला. घरे तीच आहेत आणि त्यांची उत्तरेही तीच आहेत.

या भारामुळेच एका घराचे एक उत्तर फार मोठे होते. माझ्या सर्वेक्षणातील त्या ओसरीवरचे ‘नाही’ तसेच राहिले असते, तर ते एका मुलापुरते राहिले नसते. त्या घराला जेवढा भार असेल तेवढ्या घरांतील तरुणांच्या वतीने ते चुकीचे उत्तर मोजले गेले असते.

शाळेकडे पट असताना घरी कशाला यायचे?

हा आक्षेप शिक्षकही घेतात, आणि तो रास्त आहे. देशातील शाळा आपली माहिती ‘यू-डायस प्लस’ या प्रणालीत भरतात, आणि २०२२-२३ पासून ती विद्यार्थीनिहाय भरली जाते. त्यामुळे किती मुलांची नावे पटावर आहेत, हे सरकारला शाळांकडूनच कळते. पण शाळेला जे दिसत नाही ते घराला दिसते. पटावर नाव असलेला मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेला आहे, हे घरच्यांना ठाऊक असते. शिकवणीला महिन्याला किती पैसे जातात, रिक्षाला किती जातात, आणि त्यासाठी कोणाकडून उसने घेतले, याची नोंद कोणत्याही शाळेत नसते. २०२५ च्या सर्वेक्षणात सरकारी शाळेतील विद्यार्थ्यावर घराचा वर्षाला सरासरी २,८६३ रुपये खर्च होतो असे दिसले, तर बिगरसरकारी शाळांत हा आकडा २५,००२ रुपये निघाला. सरकारी शाळेत शिक्षण मोफत आहे असे आपण सहज म्हणतो. हे २,८६३ रुपये कोठून येतात, हे ज्या मजूर आईने वह्यांच्या दुकानात पैसे मोजले आहेत तीच सांगू शकते.

शिवाय कधीच शाळेत न गेलेले मूल कोणत्याही पटावर नसते. त्याला शोधायचे तर दारोदार जावेच लागते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवण्याची जबाबदारी त्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली. महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी एकाच दिवसात राज्यभर शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करण्यात आले होते. एक दिवसाच्या शोधात मुले दोनदा मोजली जाण्याचा धोका कमी होतो, हे खरे. पण ज्या दिवशी घराला कुलूप आहे त्या दिवशी त्या घरातले मूल कोणालाच सापडत नाही.

घर म्हणजे कोण?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण खानदेशात तो अनेक ठिकाणी अडतो. सर्वेक्षणाच्या भाषेत जे लोक नेहमी एकत्र राहतात आणि एकाच चुलीवरचे जेवतात, ते एक घर. दोन भाऊ एकाच वाड्यात राहतात पण चुली वेगळ्या असतील तर ती दोन घरे होतात.

२०२५ चे सर्वेक्षण एप्रिल ते जून या काळात झाले, आणि त्या वर्षी ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी होती. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, त्यांची लेकरे बरोबर असतात, आणि झोके बांधलेल्या त्या घरात गेलेल्या माणसाला दहा-बारा डोकी दिसतात. त्यांपैकी चार दिवसांसाठी आलेली लेक आणि तिची मुले या घराची सदस्य नाहीत. त्यांचे घर सासरचे. उलट, थोड्या दिवसांसाठी बाहेरगावी गेलेला मुलगा समोर नसला तरी तो याच घरचा सदस्य आहे. साधारणपणे सहा महिन्यांची रेघ धरतात : त्याहून कमी काळासाठी गेलेला माणूस घरचाच मानला जातो.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांत हा नियम पाळणे कठीण जाते. सातपुड्यातील पाड्यांवरून अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातकडे जातात. नियमाने ती याच घरची आहेत, पण उत्तर द्यायला घरात कोणीच नसते, आणि शेजारच्याला त्यांच्या मुलांची इयत्ता ठाऊक असेलच असे नाही. वर्षभर टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या सर्वेक्षणात ही अडचण काही प्रमाणात सुटते. एखाद्या ठराविक काळातच चालणाऱ्या सर्वेक्षणाचे आकडे वाचताना मात्र तो काळ कोणता होता, हे आधी पाहावे. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. ती आईवडिलांच्या चुलीवर जेवत नाहीत, म्हणून सर्वेक्षणाच्या नेहमीच्या नियमाने ती त्या घराची सदस्य धरली जात नाहीत. आईला मात्र आपल्या तीन मुलांपैकी फक्त एकाचेच नाव लिहिले गेले, असे वाटून वाईट वाटते. विचारणाऱ्याने तिला हा नियम समजावून सांगावा, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

साक्षर, शिकलेला आणि वाचता येणारा

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यातील साक्षरता ७८.२० टक्के, धुळ्याची ७२.८० टक्के आणि नंदुरबारची ६४.३८ टक्के होती. हे आकडे वाचून अनेकजण समजतात की नंदुरबारमधील इतके टक्के लोक शाळा शिकले आहेत. तसे नाही. जनगणनेच्या व्याख्येत सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचा जो माणूस कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकतो, तो साक्षर. त्यासाठी शाळेत गेलेले असणे आवश्यक नाही. आणि वाचता येते की नाही, हे घरच्यांच्या सांगण्यावरून लिहिले जाते. कोणी पुस्तक पुढे करून तपासत नाही.

तपासून पाहणारे सर्वेक्षणही आपल्याकडे आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भागात होणारे ‘असर’ सर्वेक्षण घरी जाऊन मुलांसमोर वाचनाचा कागद ठेवते. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा एक लहान उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट असते. गणितात अंक ओळखण्यापासून हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आणि भागाकारापर्यंत जातात. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे आणि प्रत्येक गावात २० घरे, अशी त्याची साधी रचना आहे. स्वयंसेवक गावाचा नकाशा काढतात, त्याचे चार भाग पाडतात आणि प्रत्येक भागात पाच घरे घेतात. परीक्षा शाळेत न घेता घरी घेण्याचे कारण उघड आहे : शाळेत घेतली तर त्या दिवशी हजर असलेलीच मुले मोजली जातील.

२०२४ च्या ‘असर’मध्ये ग्रामीण भारतातील ६ ते १४ वयोगटातील ९८.१ टक्के मुलांची नावे शाळेत होती. त्याच सर्वेक्षणात सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला प्रश्न ‘नाव घातले का’ हा होता, दुसरा ‘वाचता येते का’ हा. शिक्षणाविषयीचा कोणताही आकडा वाचताना मागचा प्रश्न शोधून काढण्याची सवय आपण लावून घेतली नाही, तर एकाच वर्षी दोन वर्तमानपत्रे दोन उलटे मथळे देतील आणि दोन्ही आपल्याला पटतील.

घरी अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाचे मराठीतील वाचन तपासताना आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे सूचना त्याला कळली आहे का, हे आधी पाहण्याची. न कळलेली सूचना आणि न येणारे वाचन यांतला फरक कागदावर दिसत नाही. तो समोर बसलेल्या माणसालाच कळू शकतो.

प्रशिक्षण कशाला म्हणायचे?

आता पुन्हा मोटारीच्या दुकानाकडे येऊ. श्रमबल सर्वेक्षणात व्यवसाय-प्रशिक्षणाचे दोन मुख्य प्रकार धरले जातात. औपचारिक प्रशिक्षण म्हणजे ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेला कालावधी आणि शेवटी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र : आय.टी.आय.मधील वीजतंत्री किंवा जोडारी, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, सरकारी योजनेतील अभ्यासक्रम. अनौपचारिक प्रशिक्षणात घरातल्या वाडवडिलांकडून आलेला व्यवसाय, स्वतःच्या प्रयत्नाने शिकलेले काम, आणि काम करता करता शिकलेले कौशल्य हे सगळे येते. म्हणजे सर्वेक्षणाच्या पत्रिकेत त्या मोटारवाल्यासाठी जागा होती. ती माझ्याही पत्रिकेत होती. मी प्रश्न एका शब्दात विचारला, आणि आईने ‘प्रशिक्षण’ या शब्दाचा अर्थ शाळा असा घेतला.

२०२२-२३ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातील ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक प्रशिक्षण घेतले होते, आणि आणखी १६.६ टक्के तरुणांनी अनौपचारिक मार्गाने. बहुतेक चर्चेत पहिलाच आकडा येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही बाराव्या पंचवार्षिक योजनेचा हवाला देऊन १९ ते २४ वयोगटातील पाच टक्क्यांहून कमी भारतीय कामगारांनी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतल्याचे नमूद केले आहे, आणि त्याच्या शेजारी अमेरिकेचे ५२, जर्मनीचे ७५ आणि दक्षिण कोरियाचे ९६ टक्के मांडले आहेत. ही तुलना वाचणाऱ्याला वाटते की आपले ९५ टक्के तरुण हाताने काहीच करू शकत नाहीत. जळगावच्या सराफ बाजारात दागिना घडवणारे हात, चटईच्या कारखान्यात यंत्र सांभाळणारी मुले, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड उतरवताना सालीला ओरखडाही न पडू देणारी माणसे, धुळ्याच्या मागांवर तुटलेला धागा सापडताच क्षणात जोडणारा विणकर, नंदुरबारच्या मिरची पथारीवर नजरेने प्रत ओळखून मिरची निवडणाऱ्या बायका, हे सगळे त्या आकड्याच्या बाहेर राहतात. जर्मनीत मोटार बांधणाऱ्याकडे प्रमाणपत्र असते. आपल्याकडे त्याच्याकडे मिस्त्रीचा शब्द असतो. ४.४ टक्के हा प्रमाणपत्रांचा आकडा आहे, तो कौशल्याचा समजू नये.

मात्र याचा दुसरा अर्थही लावता कामा नये. ‘आमच्याकडे घरोघरी कौशल्य आहे, प्रमाणपत्राची गरज काय?’ असे कोणी म्हणू लागला तर मी सहमत होणार नाही. प्रमाणपत्र नसल्याने त्या मुलाला पुण्याच्या किंवा सुरतच्या कारखान्यात मदतनीस म्हणूनच घेतील आणि मदतनिसाचीच मजुरी देतील. बँक त्याच्या दुकानाला कर्ज देताना कागद मागेल. आणि चालू मोटारीला हात लावण्याआधी पुरवठा कसा तोडावा, हे त्याच्या मिस्त्रीलाच नीट माहीत नसेल तर तो शिकणार कोठून? म्हणूनच १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीच काम येणाऱ्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याचीही सोय ठेवली गेली. अशी सोय कोणत्या तालुक्यात, कोणत्या कामासाठी न्यावी, हे ठरवायचे असेल तर अनौपचारिक प्रशिक्षणाचा रकाना खरा भरलेला असायला हवा. तो रिकामा राहिला, तर धोरण आखणाऱ्याला दिसेल की या भागात कोणाला काही येतच नाही. आणि तो मोटार बांधणाऱ्या गावात मोटार बांधायचा प्राथमिक वर्ग उघडेल.

माझे मत स्पष्ट आहे. हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. त्याला किमान तीन वाक्ये लागतात. आधी ‘हा काय काम करतो?’, मग ‘ते काम कोठे, कोणाकडे शिकला?’ आणि शेवटी ‘त्याचा काही कागद मिळाला का?’ या क्रमाने विचारले असते तर त्या आईने मला सगळे सांगितले असते, कारण आपला मुलगा धुळ्याला चार वर्षे राहिला, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते?

मग नंदुरबारचा वेगळा आकडा का मिळत नाही?

इथे नमुन्याची मर्यादा आडवी येते. एखाद्या प्रश्नावर निम्मे लोक ‘हो’ आणि निम्मे ‘नाही’ म्हणत असतील, आणि घरे पूर्णपणे चिठ्ठ्या टाकून निवडली असतील, तर ६०० घरांच्या नमुन्यात साधारण चार टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे धरावी लागते. ती दोन टक्क्यांवर आणायची तर ६०० च्या १,२०० करून भागत नाही. २,४०० घरे लागतात. चूक निम्मी करण्यासाठी नमुना चौपट करावा लागतो, हा गणिताचा नियम आहे. एकाच गावातील घरे एकमेकांसारखी असल्याने प्रत्यक्षात चूक याहूनही वाढते. देशासाठी बावन्न हजार घरे पुरतात, राज्यासाठीही ठीक असते. पण एका जिल्ह्याच्या वाट्याला जी थोडी घरे येतात त्यांवरून ‘नंदुरबारमध्ये इतके टक्के मुले शिकवणीला जातात’ असे छातीठोकपणे सांगता येत नाही. ‘असर’ने जिल्ह्यात ३० गुणिले २० म्हणजे ६०० घरे ठेवली, ती याच गरजेतून. राष्ट्रीय सर्वेक्षणातही जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरण्यास सुरुवात झाली आहे, आणि राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय स्वतःचा पूरक नमुना घेते. दोन्ही मिळून जिल्ह्याचे भरवशाचे आकडे मिळू लागले, तर खानदेशाला त्याचा लाभ इतर अनेक भागांपेक्षा अधिक होईल, कारण आपल्याकडे जळगाव शहर आणि सातपुड्यातले धडगाव यांच्या सरासरीला काही अर्थच राहत नाही.

जुन्या आणि नव्या सर्वेक्षणांची तुलना करतानाही हात आखडता घ्यावा. जुलै २०१७ ते जून २०१८ मधील शिक्षण-सर्वेक्षणात शाळेचा आणि शिकवणीचा खर्च एकत्र धरला होता. २०२५ मध्ये तो वेगवेगळा विचारला. प्रश्न बदलला, म्हणून आकडा बदलला, असेही असू शकते.

लोक खरे सांगतात का, आणि सांगितलेले कोठे जाते?

काही जण मुद्दाम कमी सांगतात. उत्पन्न जास्त दिसले तर रेशन किंवा शिष्यवृत्ती बंद होईल, ही भीती त्यामागे असते. अल्पवयीन मुलगी शाळा सोडून घरी आहे, हे सांगायला बाप कचरतो. पण माझ्या अनुभवात मुद्दाम खोटे बोलण्यापेक्षा न आठवणे आणि न समजणे यांमुळेच अधिक चुका होतात. फी एकरकमी भरलेली असते ती आठवते. वर्षभर पाच-दहा रुपयांनी घेतलेले पेन, चार्ट, प्रकल्पाचे साहित्य आठवत नाही. घरचा कर्ता पुरुष उत्तरे देतो आणि मुलांच्या वह्यांचा हिशेब बाईकडे असतो. अशा वेळी उत्तर कोणी दिले, यावर आकडा अवलंबून राहतो.

भीतीबद्दल दोन गोष्टी कायद्याने स्पष्ट आहेत. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार जनगणनेत दिलेली माहिती कोणाला पाहायला मिळत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याखाली घेतलेली माहितीही सांख्यिकी कामाखेरीज इतर कशासाठी वापरण्यास मनाई आहे. सर्वेक्षणातून ‘इतके टक्के’ बाहेर येतात, नाव बाहेर येत नाही. लाभार्थी निवडण्यासाठी होणारी नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे नाव असतेच. दारात आलेल्या माणसाने या दोहोंपैकी आपण कशासाठी आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे, आणि घरच्यांनीही ते विचारून, ओळखपत्र पाहून मगच बसायला सांगावे. बँकेचा क्रमांक किंवा मोबाइलवर आलेला ओ.टी.पी. मागणारा माणूस सर्वेक्षणासाठी आलेला नसतो.

पुन्हा त्या ओसरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरी परत गेलो आणि रकाना दुरुस्त केला : प्रशिक्षण आहे; काम करता करता शिकला; चार वर्षे; प्रमाणपत्र नाही. तेवढ्यात माझ्या लक्षात आले की आदल्या दिवशी मी आईच्या ओळीतही न थांबता ‘नाही’ लिहून टाकले होते. या वेळी मी तीन वाक्यांत विचारले. मावशी काय करतात? “काय करसू, घरनंच काम.” त्या बोलत होत्या त्या खोलीच्या कोपऱ्यात शिवणयंत्र होते, आणि खुंटीवर सात-आठ ब्लाऊज टांगलेले होते, प्रत्येकाला नाव लिहिलेली चिठ्ठी टाचलेली. कोणाकडे शिकलात, असे विचारल्यावर त्यांनी आपल्या आईचे नाव घेतले. ती माहेरी गावभराचे शिवायची. मी त्यांच्या नावापुढचे ‘नाही’ खोडले आणि तिथे लिहिले : शिवणकाम, वाडवडिलांकडून.